बेडजवळची ओव्हर

सिस्टर,

तुमच्या रक्षाविसर्जनाला वॉर्डातलं कोणीच आलं नाही. येऊ नका असाच निरोप होता. तुमच्या धाकट्या भावाने, विलासभाऊंनी, मेट्रन मॅडमना फोन करून सांगितलं होतं, "आक्काच्या वॉर्डातलं एकबी माणूस आमच्या दारात यायचं न्हाय." तो बोलतो तेच करतो, हे तुम्हीच आम्हाला कधीतरी कौतुकाने सांगितलं होतं. म्हणून तिकडे गडमुडशिंगीला तुमची राख सावडली जात होती तेव्हा मी आणि माझ्याबरोबरची सिस्टर शबाना वॉर्डात बीपी बघत फिरत होतो. खिडकीजवळच्या आजींनी विचारलं, "त्या मोठ्या आवाजाच्या बाई सुट्टीवर हायत काय?" शबाना बाथरूमकडे गेली. मी आजींना हो म्हणाले.

तुमची नोकरी किती झाली, सत्कार कुठे झाले, हे शोकसभेत सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडे फक्त आपलं भांडण आहे. ते अर्ध्यात राहिलं, आणि आता ते मला एकटीलाच पुढे न्यावं लागतंय.

सुरुवात माझ्यामुळेच झाली होती. मी नवीन होते. मेट्रन मॅडमनी सगळ्या वॉर्डांच्या सिस्टरांना बसवून विचारलं होतं, की सगळ्यांनी मिळून पेशंटची सेवा सुधारायची तर काय करता येईल, नव्या मुलींनी सांगावं. मी उठले आणि 'स्वॉट ॲनालिसिस' म्हणाले. कॉलेजात त्यावर प्रश्न यायचा, उत्तर मला तोंडपाठ होतं. पण इंग्रजीतलं पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझी शाळा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातली, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, घरात पदवी घेणारी, बीएस्सी नर्सिंग झालेली, मी पहिली. त्यामुळे मी कुठे अडखळले की घरातली सगळी माणसं माझ्याबरोबर अडखळल्यासारखी मला वाटायची. तेव्हा मागच्या खुर्चीवरून तुमचा, माझ्या वॉर्डाच्या इन्चार्जचा, आवाज आला, "मराठीत सांग की. पेशंट काय इंग्रजीत आजारी पडतोय व्हय?"

हसले सगळे, पण मी बोलले. जमेच्या बाजू, उणिवा, संधी, धोके. पहिल्या दोन आपल्या आतल्या, पुढच्या दोन बाहेरच्या. बाहेर पडताना तुम्ही मला थांबवलंत. "ये बीएस्सी, ही तुझी चार घरं आपल्या वॉर्डात मांडू. सोमवारी." तेव्हापासून माझं नाव बीएस्सी पडलं. आधी मला ते टोमण्यासारखं वाटायचं. पुढे माझ्या वडिलांना भेटल्यावर तुम्ही त्यांनाही म्हणालात, "तुमची बीएस्सी लई भांडती हो," आणि आबा घरी येईपर्यंत हसत होते. त्या टोमण्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत.

चादरींच्या खोलीच्या दाराला आतून आपण चार कागद चिकटवले. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहायचं, मावश्यांनीही. पंधरवड्यातच धोक्यांचा कागद भरला. नातेवाईक. नातेवाईकांची गर्दी. नातेवाईकांनी फोन करून बोलावलेले पुढारी. कोणीतरी 'मेट्रन मॅडम' असंही लिहिलं होतं, ते तुम्ही खोडलंत आणि अक्षर ओळखल्यासारखं शबानाकडे बघितलंत. उणिवांच्या कागदावर सगळी दुसऱ्यांची नावं. सकाळपाळीने रात्रपाळीची लिहिली, रात्रपाळीने सकाळपाळीची. जमेच्या बाजूचा कागद मात्र कोरा. आपल्याच तोंडाने आपलं चांगलं कसं लिहायचं, म्हणून एकीनेही पेन लावला नाही. फक्त अंजना मावशींनी लिहिलं, 'आमच्या वॉर्डात च्या येळंवर मिळतो.'

तुम्ही उणिवांचा कागद फाडलात. नवा लावलात आणि नियम केलात की त्या घरातलं प्रत्येक वाक्य 'आपण'ने सुरू व्हायचं. मग आठवडाभर त्या कागदावर काहीच पडेना. 'आपण' म्हटलं की स्वतःही त्यात येतो ना. शेवटी एका सकाळी मी लिहिलं, 'आपण ओव्हर देतो तेव्हा पेशंट तिथे नसतो.'

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना जाणारीने येणारीला पेशंटची माहिती द्यायची. आपण ती टेबलापाशी द्यायचो, घाईत, अर्धी इंग्रजीत, एक डोळा घड्याळाकडे. एकाचं सलाईन दुसऱ्याच्या नावावर सांगितलं जायचं. सांगायचं राहून गेलेलं दोन पाळ्या तसंच राहायचं. मी ते लिहिलं कारण मला त्याची चीड होती. पण त्यावर तुम्ही जे कराल ते माझ्या डोक्यात नव्हतं. तुम्ही ओव्हर उचलून थेट पेशंटच्या बेडजवळ नेलीत. मराठीत, मोठ्याने, नातेवाईकांच्या समोर. आणि वर म्हणालात, "काय केलं ते कागदावर असतंय. तुम्ही काय राहिलं ते सांगा."

तिथे आपलं बिनसलं.

मी म्हणाले, कोणाच्या खासगी आजाराचं असं सगळ्यांदेखत बोलता येणार नाही. ते तुम्ही लगेच मान्य केलंत, तेवढं टेबलापाशी. मग मी माझं खरं कारण सांगितलं. आपल्या हातून राहिलेलं आपणच त्यांना सांगितलं, तर आपण त्यांच्या हातात काठी देतोय.

"काठी असतीच त्यांच्या हातात," तुम्ही म्हणालात. "कशावर मारायची ते कळंना म्हणून ते कुणावरबी मारत्यात."

मी धोक्यांच्या कागदावर लिहिलं, 'नातेवाईक ओव्हर ऐकतात.' दुसऱ्या दिवशी ते खोडलेलं होतं आणि तुमच्या तिरप्या अक्षरात संधीच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी पुन्हा धोक्यांत लिहिलं. तुम्ही पुन्हा उचललंत. वॉर्डात आपला खेळच झाला होता तो. अंजना मावशी सकाळी आल्या की विचारायच्या, "आज त्ये वाक्य कुणाच्या घरात झोपलंय?"

पण आपल्या दोघींसाठी तो खेळ नव्हता. एका सासूबाईंच्या बेडजवळ ओव्हर चालू असताना त्यांची सून मध्येच म्हणाली, "सिस्टर, सकाळपासनं त्यांनी लघवीच केल्याली न्हाय." आमच्या कोणाच्याच ते ध्यानात नव्हतं. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवलीत. आणि मग त्याच महिन्यात, ड्रेसिंग राहिलंय असं सांगितल्यावर एका पेशंटच्या मेव्हण्याने ट्रॉलीला लाथ घातली आणि अंजना मावशींना ढकललं. तुम्ही मध्ये उभ्या राहिलात. त्याची माफी मागितलीत, आणि त्याच आवाजात त्याला मावशींची माफी मागायला लावलीत. त्याने मागितली. पण त्यानंतर ट्रॉलीचा नुसता आवाज झाला तरी मी दचकायचे, आणि बेडजवळ 'राहिलं' हा शब्द उच्चारायच्या आधी कोण कुठे उभं आहे ते बघून घ्यायचे. मी भित्री आहे असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणायचात, "भ्या. भ्यायला काय हरकत न्हाय. पण बोलायचं."

मग तुम्हीच ॲडमिट झालात. लघवीचं इन्फेक्शन, अंगात ताप, शुगर वाढलेली. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी स्पेशल रूम देऊ केली. तुम्ही म्हणालात, "मला माझ्या वॉर्डातच टाका." दारातून दुसरा बेड. आपली इन्चार्ज आपल्याच वॉर्डात पडून आपल्याला बघतेय, हे फार अवघड होतं. सलाईन लावताना मुली बाटलीवरचं नाव दोनदा वाचायच्या. विलासभाऊ स्टुलावर मांडी घालून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला विचारायचे, "काय सिस्टर, बरी हाय न्हवं आक्का?"

त्या दिवशी मी दुपारी शबानाकडून ओव्हर घ्यायला आले. तुमच्या बेडपाशी आलो. तुमचे डोळे मिटलेले होते. शबाना मला चेहऱ्यानेच काहीतरी वेगळी वाटली. तिने तुमचं नाव सांगितलं, ताप सांगितला, सकाळचं इंजेक्शन झालं हे सांगितलं. मग ती थांबली. ती का थांबली ते मला लगेच कळलं, फाईलवर दुपारच्या इंजेक्शनाची सही नव्हती. आणि सिस्टर, खरं सांगते, तिने पुढच्या बेडकडे जावं असं मला वाटलं. मी आत्ता, या क्षणी ते इंजेक्शन देऊन टाकते, नोंदही खरी वेळ घालून करते, पण इथे, या माणसासमोर नको.

शबाना म्हणाली, "दुपारचं इंजेक्शन राहिलं. हाताला सूज आली म्हणून सुई काढली होती. दुसरी लावायची होती. तेवढ्यात नवा पेशंट आला आणि माझ्याकडून राहिलं."

विलासभाऊ स्टुलावरून उतरले. "राहिलं म्हंजे?"

शबानाने फाईल त्यांच्यासमोर धरली.

"राहिलं म्हंजे काय गं? माझी भन हितं तापानं फणफणतीया, आन् तू राहिलं म्हणतीस?"

तुम्ही डोळे उघडलेत. "इलास, गप. तिला पुरं बोलू दे."

"आक्का, तुझ्याच वॉर्डात तुझंच इंजेक्शन राहतंय, आन् मी गप बसू?"

"राहिलं ते सांगितलं की तिनं." आणि मग माझ्याकडे वळून, "बीएस्सी, बघत काय बसलीस? सुई आण."

मी सुई आणली. पहिल्याच वेळी शीर मिळाली, याचा मला अजून आधार वाटतो. इंजेक्शन जाईपर्यंत विलासभाऊ माझ्या हाताकडे बघत उभे होते. ते बाहेर फोन करायला गेले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "मग? आता कुठल्या घरात लिवणार?" तुम्ही थट्टा करत होतात की खरंच विचारत होतात, मला कळलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही बऱ्या व्हा, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी तुमचं बीपी खाली गेलं. इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. आयसीयूत नेताना तुम्हाला भान नव्हतं. मग तुम्ही परत आलाच नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की काही तास उशिरा गेलेल्या त्या एका इंजेक्शनाने हे झालेलं नाही, इन्फेक्शनच जबर होतं. मी त्यावर विश्वास ठेवते. दिवसा ठेवते. शबाना दिवसाही ठेवत नाही. तिची ओपीडीत बदली केली आणि विलासभाऊंची लेखी तक्रार आली. त्याच आठवड्यात नोटीस लागली, ओव्हर फक्त टेबलापाशी द्यावी. मेट्रन मॅडमनी चादरींच्या खोलीतले चारही कागद काढून घेतले. त्यांचा राग नव्हता, त्या घाबरल्या होत्या. मला म्हणाल्या, "अगं, त्या बयेनं सांगितलं नसतं तर काय बिघडणार होतं?"

हा प्रश्न माझाच होता. वर्षभर मी तुम्हाला हेच विचारत आले होते.

आज सकाळपाळीत, जेवणाच्या वेळेला, बैठक झाली. मी ड्युटीवर होते, मध्येच मला बोलावून नेलं. टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि मेट्रन मॅडम, दुसऱ्या बाजूला विलासभाऊ. पांढरा शर्ट, दाढी वाढलेली. मी आत गेले तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. साहेबांनी त्यांना सांगितलं, की बेडजवळ ओव्हर द्यायची पद्धत आम्ही बंद केली आहे, त्यामुळे असा प्रकार पुन्हा होणार नाही. मग मला म्हणाले, "तुमचा पण या पद्धतीला विरोधच होता ना, सिस्टर? तसं सांगा."

एवढंच सांगायचं होतं. खरंही होतं ते. हो म्हटलं असतं तर मी पाच मिनिटांत वॉर्डात परत गेले असते.

मी म्हणाले, "होता. अजूनही भीती वाटते. पण सर, इंजेक्शन राहण्याचा प्रकार बेडजवळ झाला नाही. बेडजवळ तो फक्त कळला."

मेट्रन मॅडमनी झटकन माझ्याकडे बघितलं.

विलासभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. "तूच व्हय ती बीएस्सी?"

"हो."

"आक्का घरी सांगायची. लई भांडती म्हणायची." त्यांनी खुर्ची साहेबांकडे वळवली. मग साहेबांना म्हणाले, "मला एक सांगा. टेबलापाशी दिली असती, तर मला कळलं असतं का?"

साहेब म्हणाले, "तशी गरजच—"

"कळलं असतं का? व्हय का न्हाय?"

"नाही," मी म्हणाले.

"मग तुमी बंद काय केलं? राहायचं बंद केलं का सांगायचं?"

साहेबांनी समोरचा कागद सरळ केला. विलासभाऊंचा आवाज चढला. "माझी तक्रार हाय आन् ती मी मागं घेणार न्हाय. दुपारी त्या वॉर्डात पोरी किती होत्या ते लिवून द्या मला. नवा पेशंट आला तर जुन्याला कोण बघतंय ते लिवून द्या. आन् त्या पोरीची बदली कुणाला इचारून केली? तिच्यावर माझा राग हाय. लई हाय. पण तिनं त्वांडावर सांगितलं. बाकीच्यांनी मला दवाखान्याच्या दारापर्यंत गोड बोलून घालवलं."

ते उठले. दारात माझ्यापाशी थांबले. मला वाटलं आता तरी काही बरं बोलतील. म्हणाले, "रक्षाइसर्जनाला नको म्हणलं, त्ये बरोबरच केलं मी. तवा तुमची त्वांडं बघवली नसती." आणि गेले.

साहेब म्हणाले, विचार करून लेखी कळवू, तोपर्यंत टेबलापाशीच चालू ठेवा. मेट्रन मॅडम जिन्यात माझ्या पुढे निघून गेल्या.

सिस्टर, मी जिंकले नाही, तुम्हीही नाही. शबाना अजून ओपीडीतच आहे. तुम्ही असतात तर खुर्ची मागे सरकवून एकच काहीतरी बोलला असतात आणि सगळे हसले असते. मला ते जमत नाही. माझा आवाज कापतो. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलीला तुम्ही बोलतं केलंत, पण आपल्या दोघींचं मत एक होईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत. मी अजूनही ते वाक्य धोक्यांतच लिहीन. मावशींना ढकलताना मी बघितलंय. तुमच्या भावाचा चेहरा बघितलाय. तुम्हाला तो चेहरा संधी वाटला असता, मला वाटत नाही. आपल्यात जे बोलायचं राहिलं ते हेच, की तुमचं म्हणणं न पटताही मी ते करत राहीन का. मी तसं तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

बैठकीतून वॉर्डात आले तेव्हा जेवणं उरकली होती. थोड्याच वेळात दुपारपाळीची सिस्टर आली आणि नोटीस वाचलेली असल्यामुळे टेबलापाशी पेन उघडून उभी राहिली. मी फायली चाळल्या. तुमच्या बेडवर आता हुपरीकडच्या एक बाई आहेत, शुगरच्या. जेवणाआधी त्यांची शुगर बघून इन्सुलिन द्यायचं होतं. ते कुणीच केलं नव्हतं. ते माझं काम होतं, आणि जाताना मी ते कुणावर सोपवलं नव्हतं. बाईंचा मुलगा बेडच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभा होता. अंगात फाउंड्रीचा खाकी शर्ट, पाळी संपवून थेट आलेला, उंच, डोळे तांबारलेले. मी आधी तेच बघितलं, कोण कुठे उभं आहे.

मी फाईल उचलली आणि दुपारपाळीच्या सिस्टरला म्हणाले, "चला." ती म्हणाली, "नोटीस..." मी चालू लागले, मग तीही आली.

बेडपाशी उभी राहून मी बाईंचं नाव सांगितलं. का ॲडमिट आहेत ते सांगितलं. काय झालं ते सांगितलं. मुलगा ऐकत होता. मग मी म्हणाले, "जेवणाआधीची शुगर बघायची राहिली. इन्सुलिनही राहिलं. मी वॉर्डात नव्हते आणि दुसरीला सांगून गेले नाही."

माझा आवाज कापला, पण शेवटच्या बेडपर्यंत गेला असणार, कारण पलीकडच्या नातेवाईकांनी माना वळवल्या. मुलाने हाताची घडी सोडली. एक पाऊल पुढे आला. मी मागे सरले नाही, म्हणजे माझ्या मागे भिंतच होती.

त्याने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग आता?" तो म्हणाला.

मी शुगर बघायचं मशीन हातात घेतलं आणि आता काय करणार ते त्याला सांगू लागले.